आपलेच दात

सोमवार, ४ मार्च

पोचले एकदाची! प्रवासानं अंग आंबून गेलंय, पण मन इतकं खूश आहे की चहा घेतल्या घेतल्या लिहायलाच बसले.

मला सख्खे काका आहेत. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतंय. बाबा जन्मभर एकच सांगत आले, आपलं कुणी नाही, आपण दोघंच. ते गेल्यावर त्यांच्या जुन्या कोटाच्या अस्तरात एक पाकीट सापडलं. आत काहीच नव्हतं, मागे फक्त पत्ता. उगाच आपलं पत्र टाकलं. आठव्या दिवशी उत्तर हजर, की मी तुझ्या बाबांचा थोरला भाऊ, सगळे तुझी वाट पाहताहेत, ये. सगळे! म्हणजे काका, काकू, त्यांची मुलगी, दोन गल्ल्या सोडून राहणारी आत्या आणि सगळे चुलत-मावस धरून बारा-तेरा जणं. काल एकटी होते, आज गोतावळ्यात येऊन पडले.

घर उंच आणि अरुंद आहे, एकावर एक तीन खोल्या ठेवल्यासारखं. तळमजल्यावर काकांचं कामाचं ठिकाण. काका कवळ्या बनवतात. आजोबाही तेच करायचे, पणजोबाही. दारावर हसऱ्या तोंडाची पाटी आहे, रंग उडून तिचे वरचे दोन दात गेलेत. मी म्हटलं, काका, आधी हिला कवळी बसवा. काका खो खो हसले. ऐंशी वर्षांचा माणूस, पण सफरचंद असं कराकरा खातो की बघत राहावं. बाबांनाही तरुणपणापासून कवळी होती. सायकलवरून पडलो, म्हणायचे. भाऊ कवळ्या करणारा आणि बाबा मात्र बाजारातली कवळी घालून फिरले. काय भांडण झालं असेल या दोघांत?

काकूंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि हसून दाखव म्हणाल्या. मी हसले. मग काकांकडे बघून म्हणाल्या, हुबेहूब घराण्यावर गेलीय हो! मला भरूनच आलं.

रविवारी १७ तारखेला सगळे नातेवाईक इथं जमणार आहेत. तोवर मी वंशावळ पुरी करून तिची छोटी पुस्तिका प्रत्येकाच्या हातात ठेवणार. अकरा वर्षं लोकांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली. आता एक पुस्तक आपलं.

बुधवार, ६ मार्च

दोन दिवसांत बावीस पानं! काका काम करता करता सांगतात, मी बाजूच्या स्टुलावर बसून उतरवते. स्मरणशक्ती म्हणजे कहर आहे. पणजोबा नदी ओलांडून या गावात आले त्या दिवशी त्यांचा कोणत्या पायाचा बूट चावत होता, तेसुद्धा माहीत. मी विचारलं, तुम्हाला हे कुणी सांगितलं? म्हणाले, त्यांनीच. मी तारखा जुळवल्या. पणजोबा गेले तेव्हा काकांच्या जन्माला तीस वर्षं अवकाश होता. तसं म्हटलं, तर म्हणाले, तू लिही गं, लिहायचं काम तुझं.

घरात एकही कागद नाही. पत्र नाही, दाखला नाही, फोटो नाही. कागदाला वाळवी लागते, असं काकूंचं म्हणणं. वंशावळ करणाऱ्या बाईसमोर हे बोलणं म्हणजे जखमेवर मीठच, पण असो.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. काकांचे दात परवा बारीक आणि पांढरे होते. आज लांब आणि पिवळट आहेत. कारागिराची हौस असेल, दहा कवळ्या बाळगून असतील. पण दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी तोंडातली कवळी काढली, चोखून साफ केली, पँटला पुसली आणि टेबलावरच्या ताटलीतली दुसरी उचलून आत बसवली. पाणी नाही, काही नाही. तशीच. चट्ट असा आवाज झाला. मी मान वळवली.

घरात एक वासही आहे. फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की येतो तसा. पहिल्या दिवशी लक्षात आला नव्हता. आता जिन्यात, टॉवेलात, उशीच्या अभ्र्यात, सगळीकडे तोच येतो.

शुक्रवार, ८ मार्च

काकांची मुलगी माझ्याहून आठ वर्षांनी लहान. सगळे तिला चिमणी म्हणतात, कारण चिमणीएवढं खाते. बोलत नाही. सतत तोंडावर रुमाल. ताटात बघावं तेव्हा कुस्करलेला बटाटा, नाहीतर दुधात भिजवून लगदा केलेला पाव. मी तिला वंशावळीत तिचं नाव दाखवलं, तर तिनं पानावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की कौतुक करावं की कीव, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

आज काकांनी माझ्या जबड्याचा साचा घेतला. घरातल्या प्रत्येकाचा आहे, तुझाच तेवढा राहिलाय, म्हणाले. नाही म्हणायला कारण नव्हतं. खुर्चीत बसले. गुलाबी लगदा भरलेला पत्र्याचा साचा त्यांनी तोंडात दाबला. लगदा कोमट होता. कोमट का असावा? घशापर्यंत ओघळला, उमासे आले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. काका शांतपणे म्हणत होते, नाकानं श्वास घे, नाकानं. साचा काढल्यावर हात न धुता दोन बोटं आत घालून एकेक हिरडी दाबून पाहिली. बोटांना त्या ताटलीचा वास. मग तीच बोटं स्वतःच्या तोंडात घालून चाटली. सवयीनं, जसं आपण पान उलटताना बोट ओलं करतो.

मी न्हाणीघरात जाऊन तीनदा चूळ भरली.

काकूंनी हिरड्यांना चोळायला तपकिरी तेलाची बाटली दिलीय. इथलं पाणी हिरड्यांना बाधतं, सकाळ-संध्याकाळ लाव म्हणाल्या. लावतेय. तेवढीच तोंडाची चव बदलते.

रविवार, १० मार्च

हात धुऊन लिहितेय. पुन्हा धुतले.

वरच्या खोलीत एक कपाट आहे, नकाशे ठेवायला असतं तसं, चपट्या खणांचं. काका म्हणाले, खरी वंशावळ बघायचीय? मला वाटलं, शेवटी निघाले कागद! पहिला खण ओढला. आत निळ्या कापडावर कवळी. प्रत्येक खणात एकेक. बाहेर चिठ्ठी : पणजोबा, पणजी, आजोबा, आजी, धाकटे चुलतआजोबा. कवळीचं नुसतं गुलाबी अंग काकांच्या हातचं. दात खरे. ज्याचे त्याचे.

मी मुद्रितशोधक आहे, बारीक बघायची खोड आहे. दातांच्या फटींत अन्न होतं. जुनं, वाळून काळं पडलेलं, आणि एका ठिकाणी ताजं. सफरचंदाचं साल. लालसर, ओलं.

तेव्हा कळलं, काकांना सगळं 'त्यांनीच' कसं सांगितलं ते. काका अगदी सहज समजावून सांगत होते, जणू पाणी कसं तापवायचं ते सांगावं. कवळी घातली की माणूस बोलतो. ज्याचे दात, त्याची वाणी. म्हणून या घरात प्रत्येकानं आपले दात द्यायचे आणि मोकळ्या झालेल्या तोंडात बाकीच्यांना जागा द्यायची. काकूंनी द्यायची, आत्यानं द्यायची, कुणी सुटत नाही. कागदावर नावं राहतात गं, म्हणाले, माणूस तोंडात राहतो.

वेड लागलंय यांना, असं मी मनात म्हणेपर्यंत त्यांनी शेवटून दुसरा खण उघडला. आतले दात मुळांसकट होते, अजून कवळीत न बसवलेले. बत्तीस. कापडावर ओळीनं लावलेले. त्यात एक सुळा वाकडा, शेजारच्यावर चढलेला. माझा चढतो अगदी तसाच, त्याच बाजूला.

चिठ्ठी वाचायची गरज नव्हती.

सायकल नव्हतीच कधी. बाविसाव्या वर्षी बाबा घर सोडून निघाले, तेव्हा काका म्हणाले होते, खुशाल जा, पण दात ठेवून जा. आणि त्यांनी ठेवले. त्याच खुर्चीत बसून.

शेवटचा खण रिकामा होता. चिठ्ठी नवी होती. मी न वाचताच जिना उतरले आणि अंगणातल्या मोरीत ओकले.

बुधवार, १३ मार्च

बॅग भरून तयार होते. काका आडवे आले नाहीत. एवढंच म्हणाले की दात नुसते पडून होते, आता भावाची कवळी करायला घेतोय, रविवारी सगळ्यांसमोर त्याला बोलता करू. तुला ऐकायचं नसेल तर जा.

बॅग पुन्हा उघडली.

हे कुणाला सांगितलेलं नाही. बाबांचे शेवटचे चार महिने वाचा गेली होती. अर्धं अंग लुळं. मी पलंगाशी गेले की ओठ हलायचे, घशातून नुसता 'शो, शो' असा आवाज. डोळे नुसते माझ्यावर लावलेले. मी उशी सरकवायची, पाणी द्यायची, खिडकी लावायची, उघडायची. प्रत्येक वेळी ते मान हलवायचे, ते नव्हे, ते नव्हे. शेवटच्या दिवशीसुद्धा. काय सांगायचं होतं ते मला कळलंच नाही. ते मला खातं. रोज खातं.

ही सगळी थेरं आहेत, मला ठाऊक आहे. पण थेरं नसली तर?

दुपारी चिमणी खोलीत आली, दार लोटलं आणि रुमाल काढला. एकतिसाव्या वर्षी तोंड म्हणजे नुसती गुलाबी पोकळी. हिरड्यांवर कवळ्यांचे घट्टे. कडेला फोड, त्यांतून पांढरं काहीतरी येत होतं. एकोणिसाव्या वर्षी तिचे काढले. बोबड्या, लाळभरल्या शब्दांत म्हणाली, "ताई, तेल लावू नकोस. त्यानं मुळं सुटतात." आणि मग, "मला स्वतःचं बोलायला वेळच मिळत नाही. सारखं कुणीतरी आत असतं."

तेलाची बाटली मोरीत ओतली. पाच दिवस लावत होते मी. सकाळी पावाचा तुकडा तोडताना खालच्या दाताला रक्त आलं होतं.

रविवार, १७ मार्च

लिहिते. सगळं लिहायलाच हवं.

भर दुपारी जमले. बारा जणं. हसतमुख, इस्त्रीच्या कपड्यांतली, एकमेकांची चौकशी करणारी साधी माणसं. मी पुस्तिका वाटल्या. छान आहे म्हणाले आणि त्यांवर चहाचे कप ठेवले.

मग काकूंनी मोठ्या ताटात कपाटातल्या कवळ्या आणल्या. सगळ्यांनी आपापली काढून रुमालात गुंडाळली. बारा तोंडं एकदम आत गेली, पिशवीची नाडी ओढावी तशी. आत्यानं पणजीची उचलली, चोखून बसवली आणि तिच्या तोंडून एक चिरका आवाज सुनेच्या नावानं बोटं मोडू लागला. सून पन्नास वर्षांपूर्वी गेलेली. सगळे हसले. कुणी विचारलं, पणजी, तुझी अंगठी कुणी घेतली? पणजीनं नाव घेतलं. ते नाव असलेली कवळी दुसऱ्या तोंडात होती, ती भांडायला उठली. मग कवळी काढून शेजारच्याच्या हातात, तिथून त्याच्या तोंडात. ओली, तशीच. लाळेच्या तारा हातांवरून, बाह्यांवरून, माझ्या पुस्तिकांवरून. कुणाची शेवेची काडी कुणाच्या दातात. एकानं बोटानं ती काढली आणि खाल्ली. वास इतका, की हवा चिकट वाटत होती. आणि काय मजा चालली होती त्यांची!

सगळ्यात शेवटी काकांनी बाबांची घातली. नवी, चकचकीत. जबडा दोनदा हलवला.

"ठमे," म्हणाले.

ठमी हे नाव बाबा आणि मी सोडून जगात कुणाला माहीत नाही.

"ठमे, उशी नको होती गं मला. मी तुला सांगत होतो की—"

आणि काकांनी अंगठा घालून कवळी बाहेर काढली. ओठापासून दातांपर्यंत लाळेची तार लोंबत राहिली, उन्हात चमकत.

मी ओरडले. घाला, परत घाला. काका तोंड पुसत म्हणाले, तुझे बाबा हट्टी. पुढचं लेकीच्याच तोंडून सांगेन म्हणतात. पण तुझ्या तोंडात जागा कुठाय?

बाराही जण माझ्याकडे बघत होते. प्रेमानं. किळस त्याचीच जास्त आली.

सोमवार, १८ मार्च

स्टेशन. सकाळचे अकरा. तिकीट हातात आहे. दोन गाड्या सोडल्या.

चिमणीला चल म्हटलं होतं. आली नाही. तिच्या तोंडात आजोबा होते. त्यांनी मला खडसावलं.

जिभेनं समोरचे दोन दात हलतात. तिसराही. हलवायचं नाही म्हटलं तरी जीभ तिथंच जाते.

घरी गेले तर काय होईल, सगळं दिसतंय. दाताच्या डॉक्टरकडे जाईन, हिरड्या बऱ्या होतील, मुद्रितं तपासेन. म्हातारी होईन. आणि रोज ते अर्धं वाक्य. 'मी तुला सांगत होतो की'. पुढं कोरं. मला प्रुफातलं सुटलेलं अक्षर रात्रभर झोपू देत नाही.

एकच वाक्य हवंय. ते ऐकलं की निघेन.

तिसरी गाडी आलीय—

मंगळवार, १९ मार्च

तिसरीही सोडली, रात्र स्टेशनवरच काढली. दार उघडंच होतं. काकूंनी खुर्चीवर टॉवेल अंथरून ठेवला होता. कालपासून, म्हणाल्या. त्यांना माहीत होतं—

आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणत काका हसले. पहिला ओढायला पक्कडही लागली नाही. नुसत्या बोटांनी. चिखलातून पाय निघावा तसा आवाज. त्यांनी तो चोखला, उजेडात धरला आणि काकूंना दाखवला.

बुधवार

अकरा दात निघाले. जीभ कुठं ठेवावी कळत नाही. रक्ताची चव, तेलाची चव, काकांच्या बोटांची चव. गिळावं लागतं. काका काम करताना गुणगुणतात—

शुक्रवार

संपले. सुळा सर्वांत शेवटी.

चिमणीनं बटाटा भरवला. ती रडत होती. मीही. दोघींच्याही तोंडून नुसती लाळ—

खण भरला. चिठ्ठीवर माझं नाव. मी वाचलं या वेळी. शुद्ध लिहिलंय.

शनिवार

बाबा आले.

आधी गार. मग कोमट. हिरडीला घासतं, ताज्या जखमांत रुततं. फटीत कुणाचं तरी काहीतरी अडकलेलं, मऊ. जिभेला लागलं. ओकारी आली, पण तोंड माझं ऐकेना. ते उघडलं, आपणहून. बाबा बोलले. माझ्या घशातून, माझ्या लाळेतून.

त्यांना शोधू नकोस, ठमे. कोटातलं पाकीट जाळ. मी माझे दात दिले, ते लेकरांचे त्यांच्याच तोंडात राहावेत म्हणून. शोधू नकोस. शोधू नकोस.

एवढंच. चार महिने एवढंच.

मग ते थांबले. माझ्या तोंडात माझ्याच जिभेनं एकेक हिरडी चाचपली, सगळीकडून. आणि बाबा रडायला लागले. माझ्या आवाजात—

रविवार

सगळे खाली आलेत. ताट घेऊन. नवं तोंड आहे, सगळ्यांनाच हौस, म्हणतात काकू. रांग लावलीय—

बाबांना काढून घेतलं. मी दात दाबून धरले, पण धरायला दात—

पणजोबा. लांब आहेत. ओठ मिटत नाहीत. कडू. बोलत नाहीत ते, नुसते चघळताहेत. माझी जीभ चघळताहेत. एकदा बसले की आठवडा उठत नाहीत, असं आत्या—

दार. चिमणीनं दार उघडं ठेवलंय. मी उठलो. उठले. उठले. मी उठलो आणि खिडकी लावून घेतली, वारा सोसत नाही. पोरगी बरी आहे. हिरड्या मऊ. हात लिहिता आहे, मला कधी लिहिता येत नव्हतं, हे उत्तम झालं. आतून ओरडते आहे, पण सवय होईल. दार लावा कुणीतरी. आता मी इथंच